अर्धशक्तीचा नियम

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांच्या वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आगरकरांनी १८९५ मध्ये इहलोक सोडला. चाळिशी त्यांच्या वाट्यास आली नाही. गोखले १९१५ मध्ये गेले, तेही पन्नाशीच्या अलीकडेच. तिघांचे स्वभाव निराळे, आजार निराळे, आणि मते तर अशी की तिघांस एका व्यासपीठावर बसविणे कठीण गेले असते. तरी एका गोष्टीत तिघे एकाच वर्गाचे होते. नव्या विद्येवर वाढलेला, बैठकीवर दिवस व दिव्यापुढे रात्र काढणारा जो वर्ग महाराष्ट्रात इंग्रजी अमलाखाली उत्पन्न झाला, त्यातील पुष्कळ कर्ती माणसे ऐन उमेदीत गेली. हे त्या काळच्या लोकांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी पदवीधरांच्या अकालमृत्यूंचा प्रश्न जाहीर चर्चेस घेतला होता. कोणी बालविवाहास दोष दिला, कोणी परीक्षांच्या ओझ्यास, कोणी परक्या भाषेतून शिकण्याच्या श्रमास. आगरकरांचा दमा दंड-बैठकांनी बरा झाला असता असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण या चर्चेच्या पोटी एक व्यवहाराचा प्रश्न जन्मास आला : शिकलेल्या, बैठ्या माणसाने व्यायाम करावा तो किती? याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राची निदान दोन पिढ्या गेल्या. वास्तविक ते उत्तर वैद्याच्या पोथीत आधीपासूनच लिहिलेले होते.

हा वर्ग घडविण्यास लोहमार्गाचा हातभार मोठा लागला. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्यापुढचा टप्पा मात्र फारसा कोणी आठवीत नाही. १ मे १८५४ रोजी तो मार्ग खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगरास बगल देऊन, मुंब्रा व दिवा या गावांच्या बाजूने कल्याणास पोहोचला. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि ती बगलही सरळ झाली. दिवा त्या वेळी भातखाचरांचे आणि खाडीच्या पाण्याचे, आगरी-कोळ्यांचे खेडे होते. तेथील माणसास व्यायामाचा उपदेश करण्याची कोणास गरज नव्हती, कारण नांगर, वल्हे आणि डोक्यावरची पाटी हीच त्याची तालीम होती. पण कल्याण-ठाण्याच्या कारकुनास गाडीने मुंबईच्या कचेरीत नेऊन बसविले, आणि पूर्वी नकळत घडणारी कोसा-दोन कोसांची रोजची चाल त्याच्या पायांखालून निघून गेली.

या नव्या माणसापुढे व्यायामाचा जो नमुना होता तो पहिलवानाचा. आणि घोटाळा येथेच झाला. मराठी मुलखात मल्लविद्येची परंपरा जुनी आणि सकस आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास शास्त्राचे रूप दिले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी कुस्तीस राजाश्रय देऊन १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. या तालमींत हजार जोर आणि दोन-दोन हजार बैठका ही बोलण्यातील अतिशयोक्ती नव्हती. परंतु ते कोणी काढावयाचे? ज्यास दुसरा उद्योग नाही, ज्याच्या खुराकात दूध, तूप, बदाम यांची रेलचेल आहे, जो दुपारी निजतो, ज्याच्या अंगास रोज मालीश होते, आणि ज्याच्यावर वस्तादाची नजर आहे, अशाने. वस्ताद नव्या पोरास पहिल्याच दिवशी हजाराच्या आकड्यापाशी कधीच नेत नसे. पाच-दहा जोरांपासून आरंभ, मग आठवड्या-पंधरवड्याने थोडी भर. पोर धापा टाकू लागले की थांबविणे. आणि मेहनतीनंतर लाल मातीत अंग गार होऊ देणे, हा तालमीचा खरा शिरस्ता होता. सुशिक्षित तरुणाने पाहिला तो शेवटचा आकडा. त्या आकड्यापर्यंत नेणारा पाच-सात वर्षांचा जिना त्यास दिसलाच नाही. मग वरण-भात खाऊन सकाळी साडेआठची गाडी पकडणारा तरुण चार दिवस दोनशे बैठका काढी, पाचव्या दिवशी त्यास जिना उतरता येत नसे, आणि सहाव्या दिवशी व्यायाम हा आपला प्रांत नव्हे असा त्याचा कायमचा निर्णय होई. हा तरुण अद्याप हयात आहे. हल्ली तो दर जानेवारीत व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकदम भरतो.

याच्या विरुद्ध कोणी टिळकांचे उदाहरण देईल, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७२ मध्ये प्रवेशपरीक्षा होऊन ते डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ सगळे शरीर कमावण्यात घातले, कुस्ती, पोहणे, जोर-बैठका यांत बुडून गेले, आणि परीक्षेत नापास झाले. पुढे मंडालेचा १९०८ ते १९१४ हा कारावास त्यांनी सोसला तो त्या वर्षाच्या पुंजीवर, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. गोष्ट खरी धरली तरी ती आपल्यास लागू किती? परीक्षेचे एक वर्ष जाणूनबुजून खर्ची टाकण्याची तयारी, वसतिगृहातील मोकळा वेळ आणि सोळा-सतरा वर्षांचे वय हे तिन्ही योग एकत्र जुळणे दुर्मीळ. तिसाव्या वर्षी, पोटामागे धावत, ते जुळत नाहीत. ज्यास वर्ष देता येत नाही त्याने रोजची पंधरा मिनिटे दिली तर काय मिळेल, हा आमचा प्रश्न आहे. आणि टिळकांच्या उदाहरणात त्याचे उत्तर नाही.

ते उत्तर आयुर्वेदात आहे. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांनीही व्यायामाची स्तुती मनमोकळेपणाने केली आहे : अंग हलके होते, काम करण्याची ताकद येते, अग्नी प्रदीप्त होतो, शरीर घोटीव व रेखीव होते. पण स्तुतीच्या पाठोपाठ तिघेही मर्यादा घालतात. सुश्रुत म्हणतो की आपले हित पाहणाऱ्याने नित्य व्यायाम करावा, मात्र आपल्या बळाच्या अर्ध्याने. त्याहून अधिक केल्यास तो मारक होतो. हीच अर्धशक्ती. आता बळाचे अर्ध मोजावे कसे? तराजू तर कोणापाशी नाही. यावर या आचार्याने दिलेली खूण इतकी सोपी आहे की तिचे कौतुक वाटते. व्यायाम करता करता छातीतील वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागले, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे ही सोबतची लक्षणे. येथे थांबावे. हल्लीचे व्यायामतज्ज्ञ सांगतात की मध्यम श्रमात माणसास बोलता येते पण गाता येत नाही. ही कसोटी आणि सुश्रुताची खूण यांच्यात शतकांचे अंतर आहे, अर्थाचे फारसे नाही.

वाग्भटाने या नियमास एक पोटनियम जोडला आहे, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे. अर्धी शक्ती खर्चण्याची मुभा त्याने दिली ती बलवान माणसास, स्निग्ध आहार घेणाऱ्यास, आणि तीही हिवाळ्यात व वसंतात. इतरांनी व इतर ऋतूंत त्याहून कमी करावा. म्हणजे तूप-दूध पचविणाऱ्या पहिलवानासच जेथे अर्ध्यावर थांबावयाचे, तेथे कारकुनाने पूर्ण दमेपर्यंत मेहनत करावी हे कोणत्या शास्त्राने सांगितले? अतिव्यायामाचे परिणाम म्हणून वाग्भटाने तहान, क्षय, दमा, रक्तपित्त, ग्लानी, खोकला, ज्वर, वांती अशी मोठी यादी दिली आहे. आणि जो व्यायाम, जागरण, चाल, बोलणे यांचा अतिरेक करतो त्यास हत्तीला ओढून नेऊ पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. हत्ती मारण्याइतके बळ सिंहाच्या अंगी आहे यात वाद नाही. मारलेला हत्ती ओढीत नेण्याच्या हव्यासात तो प्राणास मुकतो.

मात्र पोथीतील नियम समाजाच्या अंगवळणी पडत नसतो. त्यास कोणी तरी चालविणारा लागतो. येथे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची आठवण होते. सातारा प्रांतातील हे लहानसे संस्थान. अधिपती पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार. १९०४-०५ च्या सुमारास युजेन सँडो हा युरोपातील नामांकित शक्तिवीर हिंदुस्थानात प्रयोग करून गेला, पण बाळासाहेबांस त्याचे वेड त्यापूर्वीच लागले होते. १८९७ पासून त्यांनी सँडोची पुस्तके व उपकरणे आणवून सुमारे दहा वर्षे नेटाने त्याच्या पद्धतीचा व्यायाम केला. नंतर १९०८ मध्ये, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, उपकरणे बाजूस ठेवून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि १९५१ मध्ये, ब्याऐंशी वर्षे पुरी करून, निवर्तले तोवर त्याचेच पुरस्कर्ते राहिले. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातील शाळांत मुलांबरोबर मुलींसही नमस्कार घालावयास लावले. राजवाड्यातील स्त्रियाही त्यास अपवाद नव्हत्या. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. तालीम ही पुरुषांची, त्यातही तरुण पुरुषांची जागा होती. नमस्काराने व्यायाम तालमीतून उचलून घराच्या ओटीवर आणला. १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि सातारा प्रांतातील हा नमस्कार विलायती गृहिणींच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचला.

नमस्काराची योग्यता कशात आहे? जोर काढताना भार बहुतेक दंडांवर व छातीवर, बैठकांत मांड्यांवर. नमस्कारात वाकणे, ताणणे, भार पेलणे व उठणे यांची पाळी फिरत राहते, त्यामुळे कोणताही एक अवयव शिणून जाण्यापूर्वी दुसऱ्याकडे काम जाते. श्वासाची गती हालचालीस बांधलेली असल्याने अतिरेक झाला की तो त्याच क्षणी कळतो : श्वास चुकू लागतो. सुश्रुताची खूण जणू व्यायामातच विणलेली आहे. खर्च शून्य, जागा सतरंजीएवढी.

येथवर बाळासाहेबांचे ऋण मान्य करून एक तक्रार नोंदवितो. आकड्याचा मोह त्यांच्या संप्रदायासही सुटला नाही. समर्थ रामदास टाकळीस असताना रोज बाराशे नमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. त्या आकड्याचे दडपण पुढील सगळ्या नमस्कार-पंथावर राहिले. नमस्कारांची संख्या शेकड्यांत सांगावयाची, शंभरांनंतर तीनशेंकडे बोट दाखवावयाचे, सप्ताहात व स्पर्धांत लाखांच्या बेरजा करावयाच्या, ही रीत आजही चालू आहे. सावकाश वाढवीत वर्षानुवर्षांनी कोणी तीनशेंवर पोहोचला तर त्यास कोण नावे ठेवील? पण जाहीर होते ती संख्या; संख्येमागची वर्षे कोणी जाहीर करीत नाही. तालमीत जो घोटाळा झाला तोच ओटीवर झाला.

याच सुमारास व्यायामाची लाट साऱ्या प्रांतभर उठली होती. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. बडोद्यास माणिकरावांनी सांघिक व्यायामास देशी आज्ञांची शिस्त दिली. पुण्यास शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, आमच्या ठाण्याचे मावळी मंडळ १९२५ चे. कल्याणात तर एका व्यायामसंस्थेने नावच नमस्कार मंडळ असे घेतले. या सर्वांचा इतिहास येथे देण्याचे कारण नाही. पण माणिकरावांच्या एका शिष्याकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजावयास आरंभ केला. पहिलवानी व्यायाम स्वतः केलेल्या माणसाने काढलेला त्यांचा निष्कर्ष असा की, बळाचा कमीत कमी व्यय करून शरीराच्या आतील इंद्रियांस जास्तीत जास्त लाभ देणारा व्यायाम शक्य आहे, आणि व्यायामानंतर माणूस गळून न जाता ताजा व्हावयास हवा. हे मत सर्वांस पटले असे नाही. आसनांनी दंड भरत नाहीत ही तालीमवाल्यांची कुरकुर खरीच होती. पण व्यायाम संपल्यावर अंगात काय शिल्लक राहते हे विचारावयास शिकविले ते प्रामुख्याने लोणावळ्याने.

यावर कोणी म्हणेल की अर्ध्या शक्तीने केलेल्या श्रमाने आरोग्य राहील, बळ कसे वाढेल? शंका रास्त आहे. ग्रीक लोकांत मायलो नावाच्या मल्लाची कथा आहे. तो रोज एक वासरू उचली, वासरू वाढत गेले तसे त्याचे बळ वाढत गेले, आणि अखेर तो बैल उचलू लागला. कथा म्हणून सोडून दिली तरी तिच्यातील तत्त्व प्रयोगांनी पुष्कळसे सिद्ध झाले आहे. जर्मनीत हेटिंगर व म्यूलर यांनी १९५३ मध्ये असे दाखविले की स्नायूस त्याच्या पूर्ण ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांश ताण दिवसातून थोडेच सेकंद दिला तरी त्याचे बळ वाढते. त्यांनी सांगितलेला वाढीचा वेग पुढे इतरांस तितका आढळला नाही, हे नमूद केले पाहिजे. पण थकून पडल्यावाचून बळ येत नाही ही समजूत त्यांनी हलविली ती हललीच. आरंभीच्या आठवड्यांत जे बळ वाढते ते स्नायू जाडावल्यामुळे फारसे नसते, तर मज्जातंतू त्या स्नायूस अधिक नेमके काम सांगू लागल्यामुळे असते. ही एक प्रकारची शिकवणीच होय. आणि शिकवणीचा नियम आपणांस ठाऊक आहे. परवचा रोज संध्याकाळी पाच मिनिटे म्हणणारे मूल तो विसरत नाही; रविवारी चार तास घोकणारे विसरते. शिवाय स्नायू लवकर बळावतात, पण त्यांस हाडाशी जखडणाऱ्या कंडरा सावकाश बळावतात. उतावीळ माणसाचा खांदा किंवा गुडघा दुखावतो तो बहुधा याच तफावतीमुळे.

बैठ्या माणसाविषयी याहून थेट पुरावा लंडनमध्ये मिळाला. तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक व वाहक यांची तुलना डॉ. जेरी मॉरिस यांनी केली आणि ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचा पगार, वस्ती, सामाजिक स्थिती यांत फारसे अंतर नाही. एक दिवसभर बसलेला, दुसरा गाडीचा जिना दिवसातून शेकडो पायऱ्या चढ-उतार करणारा. हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि झाला तरी त्याने तत्काळ मृत्यू येण्याचे प्रमाणही कमी होते. वाहक काही व्यायामपटू नव्हते. जिना चढताना ते कधी दमून कोसळतही नव्हते. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखविले की चालक नोकरीस लागतानाच अंगाने काहीसे स्थूल असत. तेव्हा सर्व श्रेय जिन्यास देता येणार नाही. स्वतःच्या सिद्धान्तास अशी कात्री लावणारा संशोधक विरळा. तरी पुढील अनेक अभ्यासांनी मूळ गोष्ट खरी ठरविली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांस आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटांचे मध्यम श्रम सांगितले. त्यात बळ वाढविणारा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस असावा असेही म्हटले आहे.

हे सर्व दिव्यासारख्या ठिकाणी कसे लागू करावयाचे? भातखाचरे इमारतींखाली गेली, आणि पूर्वी जेथील लोकांस व्यायाम सांगावा लागत नव्हता तेथून आता दररोज पहाटेपासून माणसांचे लोंढे मुंबईस निघतात. जलद गाड्या या स्थानकावर थांबू लागल्या त्याच मुळी २०१६ च्या डिसेंबरात. दारातील दांडीस एका हाताने लोंबकळत चाळिसांहून अधिक किलोमीटर जाणाऱ्या माणसास पूल चढून आल्यावर दंड-बैठकांचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल, असे काही मित्र म्हणतात. आम्हांस वाटते की सुश्रुताचा नियम याच माणसासाठी आहे. व्यायामाचे मान ठरविताना वय, बळ, शरीर, देश, काळ व आहार ही सहा पाहावीत असे त्याने सांगितले आहे. अर्धी शक्ती म्हणजे वर्षाच्या शक्तीचे अर्ध नव्हे, त्या दिवशी अंगात असलेल्या शक्तीचे अर्ध होय. ज्या दिवशी गाडी दीड तास रखडली आणि उभ्याने प्रवास झाला, त्या दिवशीचे अर्ध स्थानकाच्या पुलावरच संपलेले असते. त्या रात्री काही न करणे हेही नियमाचे पालनच. खाडीकाठचा वैशाख आणि भाद्रपद घामाने कपडे भिजविणारे, तेव्हा मान उतरवावे, मार्गशीर्षात चढवावे. रात्री दहास जेवणाऱ्याने जेवणानंतर व्यायाम करू नये आणि जेवणापूर्वी रिकाम्या पोटी फार करू नये. तेव्हा त्यास उरते ती पहाट, आणि पहाटेची दहा मिनिटे बहुतेकांस काढता येतात. सहा नमस्कारांपासून आरंभ करावा. नाकाने श्वास पुरत आहे तोवर चालू ठेवावे, तोंड उघडले की थांबावे. पंधरा दिवसांनी एकाची भर घालावी. ज्यास सुटी आहे त्याने रविवारचे चाळीस घालून आठवड्याचा हिशेब एकदम चुकता करू नये. सोमवारी त्यास पुलाच्या पायऱ्या उतरावयाच्या आहेत.

स्त्रियांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. पहाटे चारास उठून डबे करणारी व मग स्वतःही नोकरीवर जाणारी स्त्री श्रम पुष्कळ करते, पण ते श्रम एकाच बाजूचे असतात : ओणवे होणे, उभे राहणे, उचलणे. तिला अधिक श्रम नकोत, निराळे हवेत. पाठ मागे ताणणारी, खांदे उघडणारी चार आसने किंवा तीन-चार नमस्कार तिला पुरतात, आणि तेवढा वेळ घरातील इतरांनी डब्यांचे काम हाती घेतल्यावाचून तिला मिळत नाही. औंधास राजाज्ञेने ते झाले. दिव्याच्या खोलीत राजा नसल्यामुळे नवऱ्यास पोळ्या लाटावयास शिकावे लागेल.